बासष्ट इंजिनांचे फोटो

कॉटरहोल्म पंपघर
रविवार, २६ मे १९४०

प्रिय अ‍ॅम्ब्रोझ,

अक्षर ओळखलं असशीलच. वीस वर्षांनी मी तुला लिहितोय आणि तेही काम पडलं म्हणून. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे ‘याला नक्की हवंय काय’ हे शोधत तुला शेवटच्या पानापर्यंत जायला नको.

गुरुवारी सकाळी आमच्याकडे पोलीस आले. गावचा हवालदार पेंडल्टन होता, तो रोजच्या ओळखीचा. पण त्याच्याबरोबर बाहेरचे दोघं होते. त्यातला तपकिरी हॅटवाला फारसा बोलत नव्हता. त्यांनी माझा कॅमेरा नेला, तिपाई नेली, डोक्यावर घ्यायचं काळं फडकंसुद्धा नेलं. आणि काचेच्या निगेटिव्हांच्या सगळ्या पेट्या. पेट्या जड, तेव्हा मीच त्यांना गाडीपर्यंत उचलू लागलो. ‘जरा सांभाळून, काच आहे’ असंही म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

तुला माहीत नसेल, मी फोटो काढतो. माणसांचे नाही. पाणी उपसणाऱ्या जुन्या वाफेच्या इंजिनांचे. मी स्वतः इथे तशीच दोन इंजिनं चालवतो, सतरा वर्षं झाली. डोक्यावर वर-खाली होणारी ती प्रचंड ओतीव लोखंडाची तुळई, एका टोकाला वाफेचा दट्ट्या, दुसऱ्या टोकाला विहिरीत उतरलेला पंप. शहराचं निम्मं पाणी ही दोघं जमिनीखालून काढतात. नऊ वर्षांपूर्वी कालव्यावरचं एक तसलंच इंजिन घणांनी फोडून भंगारात घातलं. शंभर वर्षांचं होतं ते. त्याला बघायला मी गेलो तेव्हा चाकाचे तुकडे तेवढे उरले होते. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सायकलला कॅमेरा बांधून निघतो. खाणींवरची, कालव्यांवरची, दलदलीवरची, पाणीखात्यांची अशी आजवर बासष्ट इंजिनं झाली. त्यातली अर्धी आता फक्त माझ्या काचांवर आहेत.

आतल्या अंधारात एकेका फोटोला चार-चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुणी जमिनीवर पाय आपटायचा नाही. हे सगळं मी हॅटवाल्याला समजावून सांगितलं. पण पाणीखात्याचेच फोटो का, कुठल्या पंपघरातून कुठल्या गावाला पाणी जातं, हे तुला कसं ठाऊक, असं तो विचारत राहिला. मी म्हणालो, आवड. त्याने वहीत ‘आवड’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला ते उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं.

तू मॅजिस्ट्रेट झाल्याचं आम्ही पेपरात वाचलं. तो तुकडा हेडविगने कापून ठेवलाय. तू एक पत्र लिहून दे, एवढंच मागणं आहे. की हा माझा भाऊ, मागच्या लढाईत तीन वर्षं खंदकांत होता, इंजिनं सोडून त्याला कशातच रस नाही. आणि हेडविगबद्दलही एखादं वाक्य घाल. तू तिला कधी भेटलेला नाहीस हे खरं, पण म्हणूनच वाईटही काही लिहिता यायचं नाही तुला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. तू भाऊ आहेस म्हणून सांगतो. यातले काही थोडे फोटो या लढाईच्या आधी जर्मनीत, कलोनला गेले. हेडविगचे वडील तिथल्या पंपघरात इंजिनवालेच होते. मागच्या लढाईनंतर आमची पलटण तिथे असताना मी त्यांच्याच माळ्यावर राहायला होतो, ती सगळी हकिकत तुला माहीत आहे. नको तितकी.

जॉर्जीचं नाव मी या पत्रात काढणार नव्हतो, पण त्याच्यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस याचा मी कधी राग धरलेला नाही. आपला धाकटा भाऊ जर्मनांनी मारला आणि तीन वर्षांत मी जर्मन बायको घरी आणली. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. कदाचित.

रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की हात थांबतो. एवढंच.

तुझा,
एनॉक

*

कॉटरहोल्म
सोमवार, ३ जून १९४०

प्रिय अ‍ॅम्ब्रोझ,

तुझं उत्तर आलेलं नाही. आता वाट बघायला वेळ नाही. शुक्रवारी ते हेडविगला घेऊन गेले.

ती रुबार्बचे देठ चिरत होती. तेच दोघं आणि पेंडल्टन. हॅटवाल्याने टेबलावर जागा करायला सांगितली, मग खिशातून दोन कागद काढून शेजारी-शेजारी ठेवले. एक रजिस्टर टपालाची पावती, आमच्याच चहाच्या डब्यातून नेलेली. जून एकोणचाळीस, कलोन, पाठवणार मिसेस एच. हॅलम. दुसरा एक फोटो होता. आमच्या पंपघरापासून शहरापर्यंत मोठे नळ कसे जातात, कुठे फुटतात, झडपा कुठे आहेत, याच्या नकाशाचा. टपालखात्यात कुणीतरी पाकीट उघडून, आतल्या नकाशाचा फोटो काढून, पाकीट पुन्हा चिकटवून पुढे पाठवलं होतं. वर्षभरापूर्वी! म्हणजे वर्षभर त्यांना ठाऊक होतं आणि आम्ही रोज त्यांच्या डोळ्यांदेखत टोमॅटो लावत होतो.

त्याने विचारलं, “हे कुणी पाठवलं?”

हेडविगने हात पुसले. म्हणाली, “मी. माझ्या वडिलांना. त्याला यातलं काही माहीत नाही. इंजिन सोडून त्याला कशातलंच काही कळत नाही.”

पेंडल्टनला हसू आलं. बिचारा मला सतरा वर्षं ओळखतो.

मग तिला कोट घालायला सांगितलं. माझ्याशी लग्न केल्यामुळे ती ब्रिटिश नागरिक आहे, हे मी बोललो. तो म्हणाला, शत्रूच्या मुलखात जन्मलेल्यांसाठी नव्या कायद्यात वेगळं कलम आहे, खटला लागत नाही, सही पुरते. तिला लंडनच्या बायकांच्या तुरुंगात ठेवलंय असं आज कळलं. किती दिवस, ते कुणी सांगत नाही.

नकाशाबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

तिचे पाय उन्हाळ्यातसुद्धा गार पडतात. तू काहीतरी कर, अ‍ॅम्ब्रोझ.

एनॉक

*

कॉटरहोल्म
शुक्रवार, १४ जून १९४०

प्रिय अ‍ॅम्ब्रोझ,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ‘तिने ते केलं की नाही, खरं काय ते लिही, नाहीतर माझ्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवू नकोस.’ शाळेत पट्टी हातात घेऊन विचारायचास तसंच.

तिने पाकीट टपालात टाकलं, हे खरं. तिचा हेतू वाईट नव्हता, हेही खरं. म्हाताऱ्या बापाला जुन्या इंजिनांचं वेड, त्याच्यासाठी तिने पाठवलं. हे सिद्ध करणारा कागद मात्र काही उरलेला नाही. तिच्या बापाची, म्हाताऱ्या क्लेफिशची, पत्रं होती, ती आता नाहीत. लढाई सुरू झाल्यावर जर्मन पत्रं कोण घरात ठेवतं?

आता माझं विचारशील, तर माझं फार चांगलं चाललंय. तेच सहन होत नाही. पाणीखात्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, “हॅलम, माणूस घरात फसतो. तुझ्यावर आमचा रोख नाही.” गावात आजवर जी बाई मला नुसती मान डोलवायची ती पुडिंग घेऊन दारात आली. दुकानातल्या मिसेस पेगने सगळ्यांसमोर विचारलं की आता पाणी उकळून प्यायचं का, हेटीने त्यात काय काय घातलं असेल कुणास ठाऊक. हेडविगला सगळे हेटी म्हणतात, तीन वर्षं ती चर्चच्या चहाला केक करतेय. सगळे हसले. मी चहापत्ती घेतली आणि बाहेर आलो.

कोळसेवाला तेवढा तोंडावर बोलतो. म्हणाला, “काय एनॉक, माझाही एक फोटो काढ ना, बर्लिनला पाठवायला.” त्याचा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं.

इंजिनघरात आता पहारा आहे. गावच्या स्वयंसेवकांची तुकडी झालीय. खाटीक टॅन्सली दिवसा माझ्या पाळीला ससे मारायची बंदूक मांडीवर घेऊन खुर्चीत बसतो. मी झडपेला हात लावला की तो उठून उभा राहतो. तेल घालायला वर तुळईपाशी गेलो की तो खालून मान वर करून बघतो. वाईट नाही तो. काल त्याने अगदी सहज विचारलं, “समजा कुणाला हे बंद पाडायचं असेल, तर कुठे मारावं लागेल?” शिकायला विचारत होता, राखायची जागा कुठली ते कळायला. माझ्या हातातली तेलाची झारी खाली पडली. मी म्हणालो, मला माहीत नाही. सतरा वर्षं चालवतोय मी ते इंजिन, आणि मला माहीत नाही.

त्या नकाशावर ती जागा फुलीने दाखवलेली आहे. लाल शाईने.

तू हेडविगसाठी लिहिशील ना?

एनॉक

*

कॉटरहोल्म
रविवार, ७ जुलै १९४०

अ‍ॅम्ब्रोझ,

मी तुला खोटं लिहिलं.

परवा दुपारी इथे बॉम्ब पडले. तीन. बिटाच्या शेतात, पंपघरापासून मैलभरावर. एक गाय मेली, दुसरं काही नाही. विमान वाट चुकलं असेल असं सगळे म्हणतात. मी तेव्हा तुळईच्या मजल्यावर होतो. खिडक्या थडथडल्या, कठड्यावरची धूळ उडाली, आणि टॅन्सली खुर्चीखाली शिरला. मी जागचा हललो नाही. मी नुसतं मोजत होतो की त्या लाल फुलीपासून ते शेत किती इंच येईल.

नकाशा मी काढलाय.

आता सरळ सांगतो. कलोनला फोटो पाठवायचो तो मी. दर दोन-तीन महिन्यांनी, बारा वर्षं. आधी उसन्या कॅमेऱ्याने काढलेले आपल्याच इंजिनांचे, मग सगळे. म्हातारे क्लेफिश मला त्यांचे पाठवायचे. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन वाचता येत नाही. हेडविग त्यांची पत्रं वाचून माझ्यासाठी एका वहीत पेन्सिलीने इंग्रजीत उतरवायची आणि माझी उत्तरं जर्मनमध्ये लिहायची. पत्ता तिच्या अक्षरात, कारण मला त्यांच्या गल्लीचं नाव नीट लिहिता येत नाही. टपालातही तीच टाकायची, कारण मी पाळीवर असायचो. एवढाच तिचा भाग.

मागच्या वर्षी मे महिन्यात त्यांचं पत्र आलं. नेहमी पत्रात झडपा, दट्ट्याला गुंडाळायचा ताग, गुडघेदुखी. या वेळी ते काही नाही. तुमच्या शहराचे मोठे नळ कसे विभागलेत ते कळवावं, बस. हेडविगने ते दोनदा वाचलं. म्हणाली, बाबा मला कधी ‘हेडविग’ लिहीत नाहीत, ‘हेडशेन’ लिहितात. या पत्रात हेडविग आहे. अक्षर त्यांचंच आहे, पण हे त्यांना कुणीतरी बसून लिहायला लावलंय. एनॉक, हे पाठवू नकोस.

मला तिचं पटलं नाही, असं म्हणणार होतो. पटलं होतं. पण मी नकाशा आधीच काढायला घेतला होता, आणि तो फार सुरेख होत होता. छापील अक्षरं, तीन शाया. बारा वर्षांत म्हाताऱ्याने मला पहिल्यांदा असं काही विचारलं होतं जे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी पाकीट बंद करून तिच्या हातात दिलं. नेहमीसारखे फोटोच आहेत म्हणालो. तिला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, अ‍ॅम्ब्रोझ. टेबलावर हॅटवाल्याने तो नकाशा ठेवला तेव्हा तिने पहिल्यांदा पाहिला. पाहिला, एका क्षणात ओळखला आणि म्हणाली, मी.

त्यानंतरचं मी तुला लिहिलं नव्हतं. हॅटवाला माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “खरं का हे, मिस्टर हॅलम?”

मी म्हणालो, “मला माहीत नव्हतं.”

मला कुणी मारत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. खिडकी उघडी होती, बाहेर आमच्या कोंबड्या होत्या. तीन वर्षं खंदकात मी याहून हजारपट घाबरलो असेन, पण तिथे बरोबरचे सगळेच घाबरलेले असायचे. इथे मी एकटाच होतो. म्हणजे मला तसं वाटलं. तीही तिथेच उभी होती.

आणि क्लेफिशची पत्रं मी जाळली. लढाई सुरू झाली तेव्हा नव्हे. पहिल्यांदा पोलीस आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बॉयलरच्या भट्टीत, दोन फावडी कोळशाखाली. त्यांतल्या पानापानावर माझं नाव होतं.

गेल्या आठवड्यात मला तिची भेट मिळाली. मधे टेबल, शेजारी एक वॉर्डर बाई. हेडविग वाळलीय. तिला मी बूट आणि लोकरीचे मोजे नेले होते, ते तिने लगेच घातले. टोमॅटोची विचारपूस केली. मग हळूच म्हणाली, “वही कुठे आहे?”

वही घरात नव्हती, म्हणून पोलिसांना मिळाली नाही आणि माझ्या हातूनही पत्रांबरोबर भट्टीत गेली नाही. म्हाताऱ्याने ताग भिजवायची एक रीत लिहिली होती, ती बघायला मी वही इंजिनघरात नेली होती. तिथेच कपाटात, ताग ठेवतो त्या डब्याच्या मागे पडून आहे. बारा वर्षांची सगळी पत्रं तिच्या हातची, इंग्रजीत. आणि त्या मे महिन्याच्या पत्राखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय: ‘बाबांना हे कशाला हवं? पाठवू नकोस. ह.’

मी म्हणालो, “आहे.”

ती म्हणाली, “बरं.”

पुढे काही नाही. ‘ती त्यांना दे’ असं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, वाद घातला असता, ती चिडली असती. ती मोज्यांकडे बघत बसली. वेळ संपल्यावर उठून गेली.

टॅन्सली रोज त्या कपाटाला पाठ टेकून बसतो. भट्टी तिथून वीस पावलांवर आहे.

एनॉक

*

कॉटरहोल्म
शुक्रवार, १२ जुलै १९४०

अ‍ॅम्ब्रोझ,

तुझं उलट टपाली पत्र आलं. शिव्या असतील असं वाटलं होतं. एकच ओळ: ‘वही घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघं जाऊ.’ ‘आपण दोघं’ हे तू लिहिलंस, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मंगळवारी येतो. आज सकाळी वही शर्टाच्या आत घातली. टॅन्सली म्हणाला, काय एनॉक, पोट सुटलं की काय, बायको नाही तर खातोस तरी काय? मी हसलो. तशीच भट्टीसमोर गेलो, दार उघडलं, आणि कोळसा टाकायचा विसरून उभा राहिलो. मग टॅन्सलीच म्हणाला, अरे, वाफ उतरतेय बघ.

मी दार लावलं. पण मंगळवारपर्यंत अजून तीन दिवस पाळी आहे. तू शक्य तर सोमवारीच ये आणि वही माझ्याकडून घेऊन जा.

एनॉक

*

लिंकन
गुरुवार, ९ जानेवारी १९४१

प्रिय अ‍ॅम्ब्रोझ,

आज सकाळी मला सोडलं. तुरुंगापासून दोन गल्ल्या अलीकडे एका बाईच्या खानावळीत खोली घेतलीय आणि पहिलं हे पत्र लिहितोय. तिथून हे लिहिता आलं नसतं. आत पत्रं वाचतात.

तू सगळं पाहिलंच आहेस. तू वही माझ्या हातातून घेतलीस, तुझ्यासमोर मी जबानी दिली. त्या दिवशी माझा आवाज बसला होता म्हणून तू माझी वाक्यं पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवलीस, लिहून घेणाऱ्याला नीट ऐकू जावीत म्हणून. ते मी विसरणार नाही. नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं, नकाशा आणि जाळलेले कागद यांबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. सगळं रास्त होतं. कोर्टात मिसेस पेग आली होती. ती बाहेर मला म्हणाली, पुडिंगचं भांडं परत दे.

हेडविगला ऑक्टोबरात सोडलं आणि तू तिला स्वतःच्या घरी नेलंस. थर्झावहिनीने तिला जॉर्जीची खोली दिली, हे तू लिहिलंस तेव्हा मला ते पत्र दोन दिवस पुढे वाचवेना.

तिचं मला एकच पत्र आलं, नोव्हेंबरात. तिने लिहिलं: ‘तू घाबरलास याचा मला राग नाही. मीही घाबरले होते. पण ते बोलताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस.’ मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते आता सांगायचंय. हे तुलाही माहीत नाही.

तिची सुनावणी व्हायच्या तीन आठवडे आधी हॅटवाला मला भेटायला तुरुंगात आला. एकटाच. त्याने पाकीट उघडून टेबलावर फोटो मांडले. माझे नाहीत. म्हाताऱ्या क्लेफिशचे, त्यांनी मला पाठवलेले. माझ्याच पेट्यांमधून नेलेले, मीच गाडीपर्यंत उचलून दिलेले. फार सुंदर फोटो आहेत ते. माणसाने इंजिन पुसून, दिवा कुठून येतो ते बघून, मन लावून काढलेले. मागे फक्त तारखा होत्या.

त्याने विचारलं, “यातलं कलोनचं मोठं पंपघर कुठलं? नदीपासून किती लांब? धुराडी दोन की तीन?”

मी फोटो एकावर एक रचू लागलो. तो घाईत नव्हता. म्हणाला, “तुमच्या बायकोची सुनावणी जवळ आलीय. वही मी वाचली. मला स्वतःला ती पुरेशी वाटते. पण मी एकटा ठरवत नाही.” धमकी नव्हती ती. अगदी सभ्यपणे बोलला. मग म्हणाला, “आपल्याकडेही शहरं जळताहेत, मिस्टर हॅलम.” तेही खरंच होतं.

मी सांगितलं.

नदीच्या डाव्या काठाला, पुलाच्या वरच्या अंगाला, धुराडी दोन. शेजारचं कौलारू घर पंपघराचं नाही, तिथे माणसं राहतात, असंही सांगितलं. ते घर क्लेफिशांचं. त्याच माळ्यावर मी राहायचो. त्याने घराबद्दलचं लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही. या वेळी त्याने वही कलती धरली होती.

तिला सोडलं ते वहीमुळे, असं तुम्ही सगळे समजता. तसंही असेल. तीच समजूत खरी असेल तर मी ते उगाचच सांगितलं. आणि खोटी असेल तर मी तिच्या वडिलांचं पंपघर देऊन तिला सोडवलं. मी देशासाठी सांगितलं, की तिच्यासाठी, की नुसता समोर माणूस बसला होता म्हणून घाबरून, हे चार महिने विचार करूनही मला ठरवता आलेलं नाही. तू म्हणशील, युद्ध आहे, जॉर्जी आठव, तू केलंस ते योग्यच केलंस. कदाचित तसंच असेल. पण तुझ्या तोंडून मला ते ऐकायचं नाही. ज्या माणसाला ते सांगायला हवं, ती तुझ्या घरात बटाटे सोलत असेल.

आपली विमानं कलोनवर जातात हे मी आत असतानाही ऐकत होतो. वॉर्डर मोठ्याने पेपर वाचायचा. म्हाताऱ्याला आता बाहत्तरावं लागलंय. त्यांची काही खबर आली असती तर तू लिहिलं असतंस.

मी तिला हे सांगणार आहे. पत्राने नाही. पत्रात मी काय करतो ते तू पाहिलंस, तीन पत्रं मी तुला फसवत होतो. समोर बसून सांगेन, आणि ती जे म्हणेल ते ऐकेन. ती निघून जा म्हणाली तर जाईन. डेअरीच्या बॉयलरवर माणूस हवाय असं खानावळवाली सांगत होती.

शनिवारी दहा चाळीसच्या गाडीने येतो. हेडविगला काही सांगू नकोस, तिला स्टेशनवर आणूही नकोस. तू मात्र ये. गाडी तुमच्या स्टेशनात दोन मिनिटं थांबते आणि पुढे जाते. मी मागच्या डब्यात बसेन, खिडकीशी. मी उतरलो नाही तर वाट बघू नकोस. आत चढ आणि मला धरून खाली उतरव.

तुझा भाऊ,
एनॉक